दाहोमीचा राजा

"आपलीच मानसं विकायचा तो?" रखमानं लाटणं थांबवून विचारलं.

दुसऱ्या दिवशी नीलाचा इतिहासाचा पेपर होता. बहारीनमध्ये, जनाबियातल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अरुणा लेकीला आफ्रिकेतलं दाहोमीचं राज्य मराठीतून समजावत होती. नीला "ओके, मम्मी" म्हणून पान उलटायची. ऐकायची ती रखमाच. कोकणातून घरकामाला आलेली.

"राजा माणसं धरून किनाऱ्यावर आणायचा. गोरे त्यांना जहाजात भरायचे आणि राजाला बंदुका द्यायचे," अरुणा म्हणाली. "बंदुका नसल्या तर दुसरा कुणी यालाच धरणार."

"मग बिचारा काय करनार?"

"बिचारा कसला! नाही म्हणायचं सरळ."

"तुमी म्हनाल, वैनी," रखमा हसली. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली आणि तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

हसली तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या मथुराला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि मथुराचं माहेर म्हणजे एकटी रखमा. पण पासपोर्ट एजंट शिवदासकडे अडकलेला. रखमाच्याच तालुक्यातला हा माणूस. तिला बहारीनला आणलं ते त्यानंच. मागितला की "इंशाल्ला" म्हणायचा.

गुरुवारी रखमानं त्याला फोन केला. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. ठेवला तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काय म्हणाला गं?"

"बगू म्हनाला."

अरुणाचं डोकं फिरलं. शुक्रवारी ती रखमाला गाडीत घालून मीना सलमान बंदरावर गेली. गोदामामागच्या खोलीत शिवदास पंख्याखाली बसला होता.

"माणसं अशी डांबून ठेवता येत नाहीत," अरुणानं रस्ताभर जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. "मी लेबर ऑफिसात जाईन, पोलिसात जाईन..."

शिवदासनं ड्रॉवर उघडून पासपोर्ट पुढे सरकवला. "न्या बाई. खलास."

अरुणाची उरलेली वाक्यं तोंडातच राहिली. एवढं सोपं होतं तर आधीच यायचं!

दाराबाहेर रखमा थबकली. "वैनी, पाया पडून येते त्यांच्या."

"त्याच्या? कमाल आहे तुझी!"

"आनलं त्यांनी मला."

अरुणानं कपाळाला हात लावला आणि गाडीत जाऊन एसी लावला. कधी एकदा नवऱ्याला, शिरीषला सांगतेय असं तिला झालं होतं.

आत रखमा पाया पडली नाही. पासपोर्ट छातीशी धरून ती उभीच राहिली.

"भाऊ, आपल्या गावात पाय नाय टाकायचा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "फोनवर दोन पोरी ठरल्यात, दोन आनून देईन. खाडीपलीकडच्या."