चौसष्टचं मॉडेल

वणीच्या अलीकडचं रेल्वे फाटक देवरावच्या डोळ्यांदेखत पडलं. काचेतून हात बाहेर काढून तो गेटमनला थांब म्हणून ओरडला, पण दांडा खाली आला होता.

त्याने इंजिन बंद केलं नाही. मागच्या सीटवर त्याची बायको कौसल्या मुलीच्या, साधनाच्या, मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सकाळी भांडी घासता घासता छातीत कळ आली म्हणून ती भिंतीला टेकली, आणि मग तिला उठताच येईना. मुकुटबनची अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, परत यायला तास लागणार होता. अंगणात चालू हालतीत होती ती देवरावची फियाट, चौसष्ट सालची. तिच्यातच दोघींना घालून तो निघाला होता.

"आलं काय वणी?" कौसल्याने डोळे मिटूनच विचारलं.

"आलंच," देवराव म्हणाला.

कोळशाची मालगाडी आली. निम्मे डबे पुढे गेले आणि ती फाटकातच थांबली.

पहिल्यांदा एक मोटारसायकलवाला आला. त्याने बॉनेटवरून हात फिरवला, दिव्यांपाशी वाकून पाहिलं आणि मॉडेल विचारलं. चौसष्ट, देवराव म्हणाला. गाडी बाहेर काढली की हे उत्तर दहादा द्यावं लागे, ते आपोआपच तोंडून गेलं. आत पेशंट आहे, हे त्याने मग सांगितलं. तोवर तो माणूस मागे वळून आपल्या दोस्तांना हाका मारत होता.

मग ऑटोतून लोक उतरले. कुणी ॲव्हरेज विचारलं, कुणी विकायची आहे का म्हणून. लग्नाला निघालेल्या एका बाईने गाडीला टेकून नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा आला. त्याची वरात अशाच गाडीतून निघाली होती म्हणे. दार अजून उलटंच उघडतं का, हे पाहायला त्याने ते उघडलंच. देवरावने ते आतून हळूच ओढून घेतलं.

"बाबाजी, घरचं माणूस बिमार आहे," तो म्हणाला.

"हो ना, घरचीच दिसते. चांगली ठेवली," म्हातारा म्हणाला. त्याला कमी ऐकू येत होतं.

देवरावने हॉर्न वाजवला. जुन्या गाडीचा तो भसाडा आवाज ऐकून लोक खूश झाले. अजून एकदा वाजवा म्हणाले.

मागच्या काचेपाशी एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. आतली सीट अजून मूळचीच आहे का, असं त्याने साधनाला विचारलं. तिला शब्दच नीट कळले नाहीत. आईच्या छातीवर हात फिरवत ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

"ताई, जरा मांगं सरका न. सीट दिसू द्या," तो म्हणाला.

आणि साधना सरकली. कुणी सरका म्हटलं की माणूस सरकतो, तशी. तेव्हा त्या माणसाला आधी मोबाइलमध्ये कौसल्याचा चेहरा दिसला, घामाने भिजलेला, ओठ पांढरे पडलेले. त्याने मोबाइल खाली घेतला.

"काय झालं यायले?"

"माय आहे माही," साधना म्हणाली. "छातीत दुखून राह्यलं तिच्या."

त्यानंतर जो तो धावायला लागला. मघाचा मोटारसायकलवाला गेटमनकडे पळाला. गेटमनने सिग्नलकडे बोट दाखवून हात जोडले. लग्नाच्या बाईने पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि पदराने काचेतून वारा घालायला लागली. उत्तमसिंग नावाच्या ट्रकवाल्याने पुढे घुसलेल्या गाड्या एकेक करून रस्त्याच्या खाली घ्यायला लावल्या. दोघे जण म्हणाले, बाईला उचलून डब्यांच्या मधून पलीकडे नेऊ, तिकडे ऑटो उभे आहेत. ते बाह्या सारून तयार झाले.

देवरावने डब्यांखालच्या चाकांकडे पाहिलं. मग मागे कौसल्याकडे. हो म्हणावं की नाही, त्याला कळेना. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याचा हात गिअरवरच होता.

एवढ्यात डब्यांना हिसका बसला. मालगाडी सरकायला लागली, अगदी सावकाश. शेवटचा डबा जाईपर्यंत सगळे तिकडेच पाहत राहिले. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती.

फाटक उघडताच सगळ्यांनी वाट करून दिली. मोटारसायकलवाला दिवा लावून, हॉर्न वाजवत पुढे निघाला, मागे देवराव. इतकी जोरात त्याने ती गाडी कधीच चालवली नव्हती. वणीतली पहिली घरं लागली. हॉर्न ऐकून लोक दुकानांतून बाहेर आले. पुढे मोटारसायकल, मागे चकचकीत बदामी फियाट. त्यांनी मोबाइल वर केले. एका बाईने कडेवरच्या पोरीचा हात धरून टाटा करायला लावलं. वळणावरच्या पोलिसाने हसून सलाम ठोकला.

दवाखाना चौकापलीकडे होता. देवरावने अजून ॲक्सिलरेटर दाबला.

"बाबा," मागून साधना म्हणाली. मग तिने आईच्या छातीवरचा हात काढून घेतला.

"बाबा, आता हळू चालवली तरी चालते."

देवरावने मागे पाहिलं नाही. त्याचा पाय आपसूक सैल झाला. पुढची मोटारसायकल हॉर्न वाजवत, रस्ता मोकळा करत लांब निघून गेली. फियाट रस्त्याच्या मधोमध सावकाश चालू लागली. दोन्हीकडच्या लोकांना आता ती नीट पाहता येत होती.