रुसायची होडी

वामन होडीच्या सावलीत येऊन बसला, तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. रुसलेल्या माणसाला याहून मोठं दुःख नसतं.

डागडुजीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली ती होडी म्हणजे मुरबे गावातल्या त्या घराची रुसायची ठरलेली जागा. घरापासून लांब, पण घरातून दिसेल इतकीच लांब. वामन त्या घरचा थोरला जावई. बोईसरला कारखान्यात कामाला. तिथे कुणी नुसता आवाज चढवला तरी मान खाली घालणारा. पण सासुरवाडीच्या उंबऱ्याला पाय लागला की त्याचा मान जागा व्हायचा. या उन्हाळ्यात तो इथे दोनदा बसून गेला होता. मेहुणीच्या साखरपुड्यात चहा आधी धाकट्या जावयाला दिला म्हणून, आणि बारशाला, मानाची टोपी डोक्यात शिरेना म्हणून. दोन्ही वेळा सासरे गोमा तांडेल नारळ घेऊन आले, “उठा जावयबापू” म्हणाले, आणि “तुम्ही म्हणता म्हणून” असं म्हणत वामन उठला.

आजचं कारण मात्र खरं होतं. उद्या मेहुण्याचं, देवूचं, लग्न. आज दिवेलागणीला हळद. आणि या घरात मांडवाची पहिली मेढ रोवायची ती थोरल्या जावयानेच. खड्डा त्याने खणायचा, हळदकुंकू लावलेला बांबू त्याने उभा करायचा; मग बाकीचा मांडव. रात्रपाळी उरकून, डोळ्याला डोळा न लावता वामन पहिल्या एसटीने आला, तर दारात मांडव उभा! देवूने बोईसरहून लोखंडी पाइपांचा मागवला होता. स्क्रू पिळले की झालं. खड्डा नाही, मेढ नाही, जावई नाही.

“सोपं पडतं, भावोजी,” देवू म्हणाला. “तुमाला पन ताप नाय.”

त्या तापासाठीच तर वामन आला होता.

होडीच्या अलीकडे-पलीकडे शेजारच्या रखमाबाईचे बोंबील बांबूंवर टांगून वाळत होते. तिने वामनला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“रुसलाव, जवाय?”

“नाही. वारा खातोय.”

“खावा की. बसलाच हाव तं ही काठी घ्या. कावले लय माजलेत.” काठी त्याच्या हातात देऊन ती जेवायला गेली.

वामन घराकडे डोळे लावून बसला. चुलीचा धूर दिसत होता, बायकांचं हसू ऐकू येत होतं. त्याची बायको हंसा खरकटं पाणी टाकायला बाहेर आली, कपाळावर हात धरून तिने होडीकडे पाहिलं, आणि आत गेली. आता सांगेल बापाला. आता येईल नारळ. ऊन कलंडलं, सावली सरकली, सावलीबरोबर वामन सरकला. नारळ काही आला नाही. दोन फुटकळ रुसव्यांत आपण सगळी मनधरणी उधळून बसलो की काय? हळद लागायची वेळ झाली आणि कुणीच आलं नाही, तर आपल्याच पायांनी परत जावं लागेल. यासारखी वाईट वरात दुसरी नाही.

एक कावळा बोंबलांवर उतरला.

“हाऽड!” वामन ओरडला.

“हाऽड!” होडीच्या पलीकडून आवाज आला.

वामन दचकला. दुसरा कावळा आला तेव्हा तो मुद्दाम गप्प राहिला.

“हाऽड रं मेल्या!” हा आवाज भर समुद्रातून किनाऱ्याला ऐकू येणाऱ्यांपैकी होता.

“मामा?”

पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग, “कोन? जावयबापू? मनवायला आलाव मना?” तांडेलांच्या आवाजात आशा होती.

“नाही हो. मी... मी रुसलोय, मामा.”

“आज नाय जमायचं. मी सकाळधरनं रुसलोय. तुमी मागनं आलाव.”

वामन होडीला वळसा घालून गेला. तांडेल वाळूत मांडी घालून बसले होते. हातात रखमाबाईची दुसरी काठी. शेजारी एक लांब, सरळ, हिरवागार बांबू, पेरं तासून गुळगुळीत केलेला.

“तुमच्यासाठी तोडून आनला होता,” ते समुद्राकडे बघत म्हणाले. “पोरगा म्हनतो, बाबा, आता याची गरज नाय. बांबूची का माजी, त्ये काय मी इचारलं नाय.”

नारळ वामनजवळ नव्हता. रुसायला येताना नारळ कोण घेऊन येतो? त्याने पँटची वाळू झटकली आणि हात पुढे केला.

“उठा, मामा.”

तांडेलांनी घराकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

“तुमी म्हनता म्हनून,” ते म्हणाले.

बांबूचं एक टोक सासऱ्याच्या खांद्यावर, दुसरं जावयाच्या. वाळू तुडवत दोघे घराकडे निघाले.

“पण मामा, मांडव तर उभा आहे. या बांबूवर टेकवायचं काय?”

“काय नाय. ह्यो नुसता उबा ऱ्हाईल.”

रखमाबाई जेवून, जरा लवंडून परत आली, तर होडीच्या दोन्ही बाजूंना कावळ्यांची पंगत बसलेली. दोन काठ्या वाळूत पडलेल्या. तिने कपाळावर हात धरून दूर पाहिलं, आणि हाक मारली,

“अवं तांडेल! पुडचं लगीन कवा हाय? बोंबील तवाच वाळत घालते!”