चावीचे तास

"तांडेल, मासेमारीची बंदी असताना होडी बाहेर काढली होतीत काय?" मेकॅनिकने विचारलं. "मीटर बराच पुढे गेलाय."

हिराजी भडकला. सगळा पावसाळा त्याची होडी किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली शाकारलेली होती. झापं कालच उतरवली होती. "डिझेल थेंबभर तरी कमी झालंय का बघ!"

"मग कुणीतरी नुसती चावी फिरवत होतं. ह्या मीटरला इंजिनाचं काही कळत नाही. चावी फिरली की तो तास मोजायला लागतो."

होडीवर सोबत असणाऱ्या भावाला जाब विचारायला हिराजी तावातावाने वळला, तर सुकाणूपाशी अबोलीची सुकलेली वेणी पडली होती. घरात अबोली माळणारी एकच होती.

त्याची बायको गोमती खाली वाळूत चहाची किटली घेऊन उभी होती. बाईने होडीवर चढायचं नाही, हा त्यांच्या घरातला जुना नियम. लग्न झाल्यापासून ती चहा खालूनच वर द्यायची. त्याच्या हातातली वेणी पाहूनही तिने नजर चुकवली नाही.

"चावी फिरवल्याशिवाय तुमचा होडीवरचा रेडिओ लागत नाही," ती म्हणाली. "घरात एक गाणं पुरं ऐकू देत नाही कुणी. इथं मला शोधायला कुणी येत नाही."

मेकॅनिक मीटरच्या तासांवरून इंजिनाचं तेल कधी बदलायचं त्याचा हिशेब लावत होता. "हे फुकटचे तास वजा करू ना?"

"फुकटचे कसले? राहू देत," हिराजी म्हणाला आणि त्याने खाली हात दिला. "चहा घेऊन वरच ये."