चारीची माती

दुसऱ्या खड्ड्यालाही कमरेइतक्यावर पाणी लागलं. फारुकनं फावडं वर फेकलं आणि चिखलानं माखलेले पाय घेऊन तो काठावर बसला. सकाळपासून दोन कबरी खणून झाल्या होत्या आणि दोन्हींत डबकं साचलं होतं.

"तात्या, आता तुमीच सांगा," तो म्हणाला. "खनायचं तरी कुठं?"

आबाजी तात्यानं काठी खड्ड्यात सोडून पाणी मोजलं. त्याची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात विहिरींत दोरी सोडून पाणी मोजण्यात गेली होती. नोकरी संपली तरी खोड गेली नव्हती. कोऱ्हाळे गावात कुणी मोकळा सापडला की त्याला बांधावर बसवून, मातीत काठीनं रेघा ओढून तो शिकवायचा. वर दिलेलं पाणी मुळाशी थांबत नाही, आत खडकापर्यंत उतरतं आणि खडकाच्या उतारानं हळूहळू खाली सरकतं. उसाला वर तुडुंब पाजाल, तर दोन वर्षांनी खालची जमीन उपळेल, आतून पाणी आणि मीठ वर येईल. लोक माना डोलवायचे आणि उठून उसाला पाणी द्यायला जायचे. इस्माईल तर तोंडावर हसायचा. "पानी काय मुक्काम करत करत चालतं व्हय, तात्या?"

तोच इस्माईल आता घराकडून येत होता. त्याची बायको कमरजहाँ पहाटे गेली होती. घरी बायका तिला न्हाऊ घालत होत्या, आणि दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघायचा होता.

इस्माईलनं एका खड्ड्यात बघितलं, मग दुसऱ्यात.

"माळावर नेऊ या," फारुक हळूच म्हणाला. "तितं भुई कोरडी हाय."

"न्हाय. लैलाजवळच. तिनं तेवढं एकच मागितलंय."

लैला त्यांची पाच वर्षांची लेक. चार वर्षांपूर्वी तिची कबर खणताना भुई इतकी कडक होती, की पहारीच्या ठिणग्या उडाल्या होत्या. आज त्या लहानशा उंचवट्याच्या पायथ्याशी पांढरं मीठ फुटलं होतं. इस्माईल खाली बसला. त्यानं मातीवर हात फिरवला, आणि मीठ त्याच्या बोटांना लागलं.

"तात्या, हिच्या खाली बी पानी असंल?"

"असंल," आबाजी म्हणाला.

"माझ्या उसाचं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून आबाजीनं किती वर्षं वाट पाहिली होती. आज तो ऐकावा लागला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तुझ्या एकट्याचं न्हाय रं. वर समद्यांचाच ऊस हाय."

"पन माझं हाय."

"हाय."

इस्माईल उठला. त्यानं फारुकचं फावडं उचललं आणि तो चढानं वर निघाला. एवढ्या दुःखात याला एकटा कसा सोडायचा, म्हणून आबाजीही धापा टाकत मागोमाग गेला, आणि फारुक घमेली घेऊन धावला. ऊस डोक्याच्या वर गेलेला होता, हिरवागार. चारीतून पाणी खळखळत आत जात होतं. इस्माईलनं आधी वरचं तोंड चिखलानं बुजवलं, वर दगड लोटला. मग चारीच्या बांधावर फावडं घातलं. बांधाची वरची माती उन्हानं तापून भुसभुशीत झाली होती. ती तो घमेल्यात ओढू लागला.

"आरं, बांधच काढलास तर उसाला पानी कुठनं नेशील?" फारुक म्हणाला. "धा महिन्यांचा ऊस हाय. जळून जाईल."

इस्माईलनं घमेलं डोक्यावर घेतलं.

तिघांनी किती खेपा केल्या कुणास ठाऊक. लैलाजवळच्या खड्ड्यातलं पाणी उपसून त्यांनी तळाला माती टाकली, तुडवली, पुन्हा टाकली. तळ हातभर वर आला. कबर उथळ झाली, पण कोरडी दिसू लागली. इस्माईल आत उतरला. त्यानं वाकून दोन्ही तळवे तळाला टेकवले आणि बराच वेळ तसाच राहिला.

"तात्या," तो खालूनच म्हणाला. "पानी तर मी तोडलं. आता हितलं कवा आटंल?"

आबाजीला उत्तर ठाऊक होतं. ऊस ते कबरस्तान चारशे पावलं, आणि मध्ये घट्ट काळी माती. आज चारीचं तोंड बुजवलं, तरी गेल्या दोन वर्षांत पाजलेलं सारं पाणी अजून वाटेतच होतं. ते यायचंच होतं. आणखी दोन पावसाळे तरी या मायलेकींना कोरडी भुई मिळणार नव्हती. पाण्याबद्दल तो जन्मात कुणाशी खोटं बोलला नव्हता. साहेब लोकांशीही नाही.

"आटंल की," तो म्हणाला. "उद्यापासनं हटाय लागंल. चार दिसांत खडखडीत हुईल बघ."

एरवी इस्माईल हसला असता, वाद घातला असता. आज त्यानं नुसती मान हलवली, हात झटकले आणि तो बायकोला आणायला घराकडं गेला.

तो बांधापलीकडं दिसेनासा झाला, तेव्हा आबाजीनं कबरीत डोकावून पाहिलं. डोक्याकडच्या कोपऱ्यातली माती ओल धरून काळी पडू लागली होती.

"फारुक," तो घाईनं म्हणाला, "आनखी दोन घमेली आन. त्यो यायच्या आत."