बोलायची मुभा

"बोल," झेडॉक प्रायन म्हणाला. "आज तुला मुभा आहे."

वस्तरा त्याच्या गळ्याशी थबकला.

तुरुंगाचा मुख्य अधिकारी म्हणून प्रायनची ही शेवटची सकाळ. निवडणूक जिंकून तो राज्याच्या सिनेटमध्ये निघाला होता. राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला नेणारी घोडागाडी यायच्या बेतात होती. कैद्यांनी बोलायचं नाही, हा नियम त्याचाच. कामावर, जेवताना, कोठडीत, कुठेही चकार शब्द नाही. तोंड उघडलं की पाठीवर चाबूक. या नियमाच्या जोरावर त्याने मतं मिळवली होती, आणि हाच नियम राज्यातल्या सगळ्या तुरुंगांना लावा, असं भाषण तो तिथे ठोकणार होता.

प्रचारात एका म्हातारीने मध्येच विचारलं होतं, "गप्प ठेवलं की माणूस सुधारतो, हे तुम्हाला सांगितलं कुणी? त्या कैद्यांनी?"

लोक हसले. तोही हसला. पण तेव्हापासून तो प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना.

त्याची रोज दाढी करणारा एसहेल टटल हाही कैदीच. इतकी वर्षं याची बोटं आपल्या गालावर फिरताहेत आणि याचा आवाज कसा आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

"घाबरू नकोस. पहारेकऱ्याला मी खाली पाठवलंय. काहीही बोल."

टटलने दाराकडे पाहिलं. ओठ हलले. घशातून नुसती करकर आली. तो खाकरला.

"हा माझाच का, साहेब?"

"काय?"

"आवाज."

प्रायनने विषय बदलला. "आत येण्याआधी काय करायचास?"

"फेरीवाला होतो. पत्र्याची भांडी विकायचो, गावोगाव."

"म्हणजे बोलण्यावरच पोट!"

"नुसत्या बोलण्यावर. भांडी गळायची."

प्रायनला हसू फुटलं. मग त्याला राहवेना. "आणि आता? इतकी वर्षं गप्प राहून काय वाटतं? सुधारलास का? खरं सांग हं, मला तिथे उभं राहून—"

"ओठ मिटा, साहेब. वरचा ओठ राहिलाय."

प्रायनने ओठ मिटले. टटलने अंगठ्याने त्याचं नाक हलकेच वर धरलं आणि पातं टेकवलं. काही वेळ नुसती खरखर. मग आधी पुटपुटल्यासारखा, मग हळूहळू मोकळा होत टटल बोलू लागला.

"वहिनी, घेऊ नका हो, हातात तरी धरा! बघायला काय जातंय? हा कंदील बघा. शेजारणीने कालच नेला. नवरा आता संध्याकाळी घरी थांबतो म्हणाली. आता तुमच्या नवऱ्याचं मी काय सांगू?"

प्रायनचं पोट हसण्याने गदगदलं. ओठ मात्र त्याने हलू दिला नाही.

"साहेब, गाडी आली!" खालून हाक आली.

ओठ केव्हाच साफ झाला होता. फेसाचा थेंबही उरला नव्हता. कोरडं पातं एका टोकापासून पुन्हा फिरू लागलं. "बरं, कंदील राहू दे. ही चाळणी बघा, वहिनी…"

प्रायनने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान आणखी थोडी मागे टेकवली.