शाळा सुटल्यावरचा पाऊण तास

फळ्याचा पहिला हात वाळत आला होता. रंगाऱ्यानं बोट टेकवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही, तसा तो डबा ढवळायला बसला. रविवार होता. चौथीच्या वर्गात तो आणि बाई, दोघंच. बाई किल्ली घेऊन वर्ग उघडायला आल्या होत्या, आणि आता खिडकीपाशी वह्या तपासत बसल्या होत्या.

"तुम्ही उगाच थांबलात बाई. मी कुलूप लावून किल्ली शिपायाकडे दिली असती."

"असू दे हो. घरी तपासल्या काय, इथं तपासल्या काय."

हे काम रंगाऱ्यानं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मुख्याध्यापकांना भेटून तशी परवानगीही काढली होती. फळा पार करडा पडला होता. सकाळचं ऊन आलं की डावीकडचं एक अक्षर दिसत नाही, असं बारकी घरी सांगायची. बारकी म्हणजे त्याची लेक. तिच्या पाठीवर जुळे भाऊ झाले, भावंडांत तीच आता सगळ्यांत मोठी, तरी नाव बारकीच राहिलं. आभाराचे चार शब्द बोलायचे म्हटलं की रंगाऱ्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. म्हणून त्यानं ठरवलं होतं, आपल्याला जे येतं त्यानंच आभार मानायचे.

आणि आभार मानण्यासारखंच घडलं होतं. पहिल्या चाचणीत बारकीला गणितात पन्नासपैकी अकरा मिळाले होते. तिच्या आईनं पेपर दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि मुकाट्यानं सही केली. पुढच्याच आठवड्यात बाईंची चिठ्ठी आली. शाळा सुटल्यावर मुलीला रोज पाऊण तास थांबवून घेत आहे, काळजी करू नये. आणि परवा दुसऱ्या चाचणीचे गुण कळले. त्रेचाळीस. रंगाऱ्यानं ते शेजारीपाजारी सांगितलेच, पण ज्यांचं घर रंगवत होता त्या आजोबांनाही शिडीवरून ओरडून सांगितले. आजोबांना ऐकू कमी यायचं, म्हणून दोनदा सांगायला मिळाले.

"बाई, एक विचारू?" दुसरा हात ओढता ओढता तो म्हणाला. पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे बोलणं जरा सोपं जात होतं. "एवढ्याशा वेळात तुम्ही तिला शिकवता तरी कसं? नाही म्हणजे, आमच्याकडे अजून दोघं रांगेत आहेत."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"त्या पाऊण तासात मी तिला एकही गणित शिकवलेलं नाही."

मोठी माणसं असंच बोलतात, असं वाटून तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"घरी सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण तुम्ही रविवार मोडून आलात, सकाळपासून फळा घासताय. जे मी केलंच नाही, त्याचं कौतुक किती वेळ ऐकून घेऊ?"

रंगाऱ्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मग ती करते काय, पाऊण तास?"

"झोपते."

बाई उठून पुढच्या बाकाशी आल्या. "पहिल्या दिवशी शिकवायलाच थांबवलं होतं. उदाहरण लिहून मागे वळले, तर हिचं डोकं बाकावर. हलवून उठवलं तर घाबरली. म्हणाली, रात्री एक पाळणा आई हलवते आणि एक मी. बाबांना उठवायचं नसतं, त्यांना सकाळी शिडीवर चढायचं असतं. आणि आईला सांगू नका, आईला वाईट वाटेल."

रंगाऱ्याला हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पोरगी आईला हातभार लावते, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. एखाद्या वेळी उठत असेल, एवढंच त्याच्या मनात होतं. रोज उठते का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. शिडीवर तोल जाऊ नये म्हणून घरातली दोन माणसं जागत होती, आणि त्यातलं एक नऊ वर्षांचं होतं.

तो बाकावर टेकला. बाक लहान होता, गुडघे वर आले.

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मी दार लोटून घेते आणि वह्या तपासते. पानं आवाज न करता उलटायला शिकले आता." बाई पहिल्यांदाच हसल्या. "रागावलात का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. राग आला होता, पण तो बाईंवर नव्हता. "आजपासून तो पाळणा माझ्याकडे," तो म्हणाला. "शिडीचं मी बघतो. खालच्या भिंतींची कामं घेईन थोडे दिवस." मग उठला, ब्रश हातात घेतला आणि पुन्हा थांबला. काहीतरी अजून जुळत नव्हतं.

"पण बाई, शिकवलं नाहीत म्हणता. मग त्रेचाळीस आले कुठून?"

"गणित तिला पहिल्यापासूनच येत होतं," बाई म्हणाल्या.