टेस्टचा फोन

"तीन बार दाबली बटन! एकदा नाही, तीन बार! आन् तुमचं कुत्रंसुद्धा आलं नाही!"

नल्लकुंट्याहून आलेल्या मुकुंदरावांनी बायकोचा फोन हेमंतच्या टेबलावर आपटला. कुकटपल्लीतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या चौथ्या मजल्यावर एवढा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. तिथे एकमेकांचे गळे धरायचे ते ईमेलमध्ये, वर नमस्कार लिहून.

"काका, आधी बसा तरी," हेमंत म्हणाला. त्याचा आवाज गोड झाला की समोरच्यानं सावध व्हावं, हे शेजारच्या टेबलावरच्या प्राजक्ताला चार वर्षांत पुरतं कळलं होतं.

"बसायला नाही आलो. मंगळवारी मी भाजीला गेलो, ही मोरीत घसरली. फोन हाताशी होता म्हणून तुमची लाल बटन दाबली. दोन घंटे फरशीवर पडून होती. कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यात मलाच विचारायले, माणूस का नाही आला म्हणून. मी काय सांगू?"

कंपनीचं अ‍ॅप एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी होतं. लाल बटण दाबलं की मदत केंद्राला मेसेज जायचा आणि तिथून माणूस घरी पोचायचा. केलं हेमंतच्या टीमनं, तपासलं प्राजक्तानं.

"रेंज गेली असेल, काका."

"रेंज फुल्ल होती."

हेमंतनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. आता तो हसतही होता. "मग हे बघा. मंगळवार, अकरा चाळीस. तिन्ही मेसेज पोचल्याची नोंद आहे. आमच्या बाजूनं काहीही चुकलेलं नाही."

मुकुंदरावांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

"कुणाला पोचले?"

प्राजक्ता आपल्या टेबलाकडे वळली. तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात एक स्वस्तातला फोन चार्जरला लावून पालथा पडला होता. टेस्टचा फोन. तपासणी चालू असताना केंद्राला उगाच त्रास नको, म्हणून अ‍ॅपमध्ये या फोनचा नंबर घातला होता. ती दिवसातून शंभर वेळा लाल बटण दाबायची आणि हा शंभर वेळा भोंग्यासारखा किंचाळायचा. शेवटी हेमंतच वैतागला होता. "ऑफिस आहे का अग्निशमन दल? बंद कर तो आवाज." तिनं बंद केला होता.

अ‍ॅप लोकांसाठी बाहेर जाताना त्या नंबराच्या जागी केंद्राचा नंबर पडायचा होता आणि तिनं तयार अ‍ॅप खऱ्या फोनवर घालून बटण पुन्हा एकदा दाबायचं होतं. "एक नंबर तर बदललाय. त्यात काय तपासतेस?" हेमंत म्हणाला होता. "चारला अ‍ॅप सोडायचंय." तिनं तपासणीच्या यादीतल्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. बटण न दाबताच. त्याला दहा दिवस झाले होते.

"आता तुमच्यासमोर दाबतो," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या फोनवरचं लाल बटण अंगठ्यानं दाबून धरलं.

प्राजक्तानं पालथा फोन सुलटा केला. तो आवाज न करता उजळला. 'मदत हवी. भामा, नल्लकुंटा.' खाली मंगळवार. तेच नाव, तीनदा. त्याच्याखाली तिनं कधी न ऐकलेली नावं. मालनबाई. कुलदीप. पुन्हा मालनबाई. एकही मेसेज उघडलेला नव्हता. आपण केलं हे, आपण, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

हेमंतनं वाकून पाहिलं. मग शांतपणे एक फाइल उचलून त्या फोनवर ठेवली.

"काका, तुम्ही लेखी तक्रार द्या. आम्ही आठवड्याभरात कळवतो." आणि प्राजक्ताच्या कानाशी येऊन, ओठ न हलवता, "यादीवर नाव तुझं आहे. नोकरी हवीय ना?"

नोकरी हवी होतीच. तिनं फाइल बाजूला सारली, चार्जर उपटला आणि फोन मुकुंदरावांच्या पुढ्यात ठेवला.

"इथे पोचले, काका."

मुकुंदरावांनी खिशातून चष्मा काढला. मंगळवारच्या ओळींतलं आपल्या बायकोचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. एक, दोन, तीन. हेमंत काहीतरी बोलत होता, कोणी ऐकत नव्हतं.

फोन पुन्हा उजळला.

'मदत हवी. दत्तोबा, अंबरपेठ.'

मुकुंदरावांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले.

"आता मी नाही दाबली," ते म्हणाले.